माडीवरच्या बिऱ्हाडाचे तायडे

वऱ्हाडातल्या आमच्या मालेगावात टीव्ही यायच्या कितीतरी वर्षं आधी मालेगावच्या लोकांना टीव्हीवरचा एक विनोदी कार्यक्रम पाठ होता. ज्यांनी उभ्या जन्मात टीव्ही पाहिला नव्हता, अशी माणसं चहाच्या हॉटेलात 'परवाच्या भागात अप्पासाहेब चुकले का नाही' यावर हमरीतुमरीवर यायची. या सगळ्याला एकच माणूस जबाबदार होता, आणि तो जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता.

सत्तरचं दशक अर्ध्यावर आलं होतं. नागपूरहून पदवी घेऊन मी पहिल्या नेमणुकीवर मालेगावला आलो. दवाखाना म्हणजे वाशीम रस्त्यालगतच्या पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढे जनावर अडकवायचा लोखंडी खोडा. माणसं तीन. मी डॉक्टर, मलमपट्टी करणारे ड्रेसर तायडे, आणि एक शिपाई, जो बहुतेक वेळा रजेवर असे आणि नसला तरी काही फरक पडत नसे. मी हजर झालो तो बाजाराचा दिवस होता. खोड्यात एक बैल होता, बैलाच्या खुरात तायडे होते, आणि भोवती तीसेक माणसं पोट धरून हसत होती.

मला पाहिल्याबरोबर तायडेंनी उजव्या हाताचा पंजा वर केला आणि म्हणाले, "व्यत्यय!"

सगळे गप्प. बैलसुद्धा.

"नवीन सायब आले," त्यांनी जाहीर केलं. मग माझ्याकडे वळून, "सायब, तुमी आतमंदी बसा. हे एवढं संपवतो न येतो."

मला वाटलं, खूर संपवतात. खूर केव्हाच संपला होता. संपायचा होता तो भाग.

तायडे चाळिशीचे, बांबूसारखे उंच, कान मोठे आणि कोट त्याहून मोठा. खाकी कोट सरकारने कोणा पहिलवानाच्या मापाने शिवला होता आणि पहिलवान न मिळाल्यामुळे तो तायडेंना दिला होता. त्याच्या खिशात टिंक्चरची बाटली, बँडेज, सुपारी आणि कंगवा असे. सांगायला सुरुवात करण्याआधी ते बादलीतलं पाणी डोक्याला लावून भांग पाडत. कार्यक्रम करणारा माणूस कसा दिसतो हे मालेगावात त्यांच्याखेरीज कोणालाच ठाऊक नसल्यामुळे त्यावर आक्षेप येत नसे.

हे सगळं वेड त्यांनी मुंबईहून आणलं होतं. कृत्रिम रेतनाच्या ट्रेनिंगसाठी खात्याने त्यांना सहा आठवडे तिकडे पाठवलं होतं. त्या सहा आठवड्यांच्या जोरावर ते पुढे कायम "आमच्या मुंबईत" असं म्हणत. अकोल्याबद्दल त्यांचं मत, "ठीक हाय, पन चाळ नाही." मी एकदा विचारलं, "तायडे, ट्रेनिंगमध्ये शिकलात काय?"

"गाय भरवाले शिकलो, सायब. पन थे इथीबी आलं असतं. टीव्ही इथी नसता पाहाले भेटला."

टीव्ही म्हणजे काय, हे ते फार सोपं करून सांगत. "रेडिओले तोंडावळा आला, का झाला त्याचा टीव्ही." कार्यक्रमाचं नाव 'माडीवरचं बिऱ्हाड'. मुंबईत एक दुमजली घर. खाली घरमालक अप्पासाहेब, माडीवर भाडेकरू नवरा-बायको, आणि दोन्ही घरी धुणीभांडी करणारी गंगू. अप्पासाहेब दिवसभर जिन्याच्या पायथ्याशी उभे. भाडेकरणीने भिंतीला खिळा ठोकला की ते वर पाहून म्हणत, "आमच्यात असं चालत नाही." पाहुणा आला, "आमच्यात असं चालत नाही." शिंक आली, तरी तेच. तायडे हे वाक्य मान जराशी तिरकी करून, फार गोड आवाजात, जणू समोरच्याच्या भल्यासाठी सांगतो आहोत असं म्हणत. इतकं गोड की ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा आणि मग हसू फुटायचं.

कार्यक्रमाला ते 'कार्यक्रम' म्हणत नसत. "आपलं बिऱ्हाड" म्हणत. थंडी पडली की हातमोजा घालता घालता म्हणायचे, "अप्पासाहेबाचे गुडघे दुखून राह्यले असतीन आता." गंगूच्या तब्येतीची तर त्यांना इतकी काळजी, की त्यांच्या बायकोने, सुमनबाईंनी, एकदा डबा द्यायला आल्या असताना मलाच गाऱ्हाणं सांगितलं. "सायब, यायची सख्खी माय खोकून राह्यली, तिले एक दिवस इचारलं नाही. अन् थ्या गंगूच्या पाठीत उसन भरली म्हनून यायले जेवन गेलं नाही!"

"थे एकटी हाय," तायडे शांतपणे म्हणाले. "मायले आपन सारे हावो."

काम मात्र चोख. त्यांचं शास्त्र असं, की जनावर मालकाच्या तोंडाकडे पाहून घाबरतं. "मालक हासला का जनावर सैल पडते, सायब. इंजेक्शन मालकाले द्याचं अन् सुई जनावराले." आणि ते खरं होतं. गोऱ्हा खच्ची करताना चिमटा दाबायचा क्षण आणि भागातला सगळ्यात मोठा विनोद ते असा जुळवून आणत, की गोऱ्ह्याच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट घटना हशाच्या कल्लोळात उरकून जाई. माझ्या पदवीच्या पुस्तकांत हा उपचार नव्हता. मी आतल्या खोलीत रजिस्टर उघडं ठेवून दाराआड उभा राहून सगळं ऐकत असे. अधिकाऱ्याने ड्रेसरच्या विनोदाला बाहेर येऊन हसावं, हे मला तेव्हा शोभत नव्हतं.

एकदा त्यांनी मला विचारलं, "सायब, म्हैस जिना चढते काय?"

"कोणाची म्हैस?"

"असंच. इचारतो."

"चढेल. पण उतरणार नाही. जनावराला खाली पाय टाकायची भीती वाटते."

"उतरतच नाही?" त्यांचे डोळे चमकले.

पुढच्या बाजाराला अप्पासाहेबांनी म्हैस घेतली, भाडेकरूंना त्रास व्हावा म्हणून माडीवर चढवली, आणि ती पाच आठवडे वरच राहिली. मालेगावात दुसरा विषय नव्हता. कोणी विचारी, "मुंबईत कडबा कुठून आनते?" तर, "गंगू आनते." रिठदहून एक म्हातारा खास एवढंच सांगायला आला, की तिले गुळाचा खडा दाखवा, मागं मागं उतरते. तायडेंनी गंभीरपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कळवतो."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की हा कार्यक्रम मुंबईतून केव्हाच निघाला असून आमच्या पत्र्याखाली तयार होतो आहे. मी त्यांना आत बोलावून म्हटलं, "तायडे, हे म्हशीचं खरंच टीव्हीवर दाखवलं?"

तायडे जराही ओशाळले नाहीत. "सायब, टीव्हीवाले हप्त्यातून अर्धा घंटा दाखवते. बाकीचा हप्ता थे लोक काय करत असतीन, याचा कोनी इचार केला काय?"

मी रजिस्टर पुढे ओढलं.

तर असं छान चाललं होतं. पण आमच्या दवाखान्याला एक दादासाहेब होते. जवळच्याच एका गावचे बडे जमीनदार, पांढरं धोतर, करकरीत जोडा. बाजाराच्या दिवशी गड्याबरोबर बैल पाठवून ते स्वतः मागून येत आणि थेट माझ्या खुर्चीत बसत. मी उभा राहत असे. दवाखान्याच्या कोपऱ्यात पाण्याचा माठ होता. दादासाहेब आले की शिपाई, रजेवर नसलाच तर, माठ उचलून तायडेंच्या वाटेतून दूर सरकवून ठेवी. तायडेंच्या घरच्यांनी बौद्ध धम्म घेऊन वीस वर्षं होत आली होती, पण माठाला ते कोणी कळवलं नव्हतं. दादासाहेबांच्या गाईच्या पोटात तायडेंचा हात खांद्यापर्यंत गेलेला चालायचा. तोच हात धुऊन माठाला लागलेला चालायचा नाही. मी हे पाहत होतो आणि रजिस्टर भरत होतो. माझं अक्षर त्या काळात फार सुधारलं.

दादासाहेब बाहेरचा कार्यक्रम ऐकत नसत. पण एका बाजारात मिरचीच्या ढिगाशी उभं राहून त्यांनी विकणारीला दटावलं. "बाई, हात मागं घे. आमीच निवडून घेतो. आमच्यात असं चालत नाही." हे ते जन्मभर म्हणत आले होते. त्या दिवशी मात्र सगळी ओळ खदखदा हसली. कोणीतरी मागून ओरडलं, "अप्पासाहेब, म्हैस उतरली काय?"

दादासाहेबांनी चौकशी केली. आठवड्याभरात दोन पानी टाईप केलेली तक्रार अकोल्याला गेली. तेव्हा वाशीम जिल्हा व्हायचा होता, सगळं दैव अकोल्यातच लिहिलं जायचं. तक्रारीत म्हटलं होतं, की असा कोणताही कार्यक्रम मुंबईत नाही. सदर ड्रेसरने सरकारी वेळेत, सरकारी खोड्याजवळ, आमची बदनामी करण्यासाठी तो रचला आहे.

चौकशीला अकोल्याहून मोठे साहेब आले. दुपारची वेळ. माझ्या खुर्चीत साहेब, शिपायाच्या स्टुलावर मी, दादासाहेबांसाठी शेजारच्या दुकानातून आणलेली लोखंडी खुर्ची. तायडे उभे.

साहेबांनी आधी मला विचारलं, "डॉक्टर, तुमचं काय म्हणणं? हे लोक कामाच्या वेळेत गोष्टी सांगतात?"

मी म्हणालो, "सर, मी त्या वेळी आतल्या खोलीत असतो."

यातला शब्द न् शब्द खरा होता. तायडेंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते मला पुरतं ओळखून होते.

"बरं," साहेब तायडेंना म्हणाले, "एक भाग करून दाखवा. कळू द्या तरी."

"कोनता, सायब?"

"कोणताही."

तायडेंनी बाहेर जाऊन केसांना पाणी लावलं, भांग पाडला, आणि आत येऊन म्हशीचा भाग केला. म्हैस चढताना ते स्वतः म्हैस झाले, जिना झाले, खाली उभे अप्पासाहेब झाले. साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. दादासाहेब दोनदा हसले आणि दोन्ही वेळा हसणं माझंच होतं अशा नजरेने माझ्याकडे पाहून घेतलं.

"हा कार्यक्रम आहे हे खरं," साहेब सावरून म्हणाले. "माझ्या मेहुण्याकडे टीव्ही आहे, मी विचारलं होतं. पण ते म्हणतात, त्यातला घरमालक असं काही म्हणत नाही. मग हे 'आमच्यात असं चालत नाही' कुठून आलं?"

"सायब," तायडे म्हणाले, "खरं सांगू काय?"

"त्यासाठीच आलोय."

"मी फक्त पाच भाग पाह्यले. अन् आवाज एकाचाबी नाही ऐकला."

साहेबांना कळेना. तायडे नेहमीच्या आवाजात, भांग मोडू नये अशी मान धरून सांगू लागले.

"मी साडूच्या घरी उतरलो होतो, चाळीत. समोरच्या घरी टीव्ही. शुक्रवारी सारे लोक जमत. मीबी गेलो. दारात बाईनं इचारलं, कोन तुमी? नाव सांगतलं. कोनतं गाव? सांगतलं. गावात कोनत्या आळीत राह्यता? थेबी सांगतलं. मंग घरमालक उठून आले. चिडले गिडले नाही, सायब. लय गोड बोलले. म्हने, राग मानू नका, आमच्यात असं चालत नाही. अन् दार लोटून घेतलं."

तायडेंनी कोट सावरला.

"साडूच्या ग्यालरीतून त्याइची खिडकी समोर दिसे. मंग पाच शुक्रवार तिथी उभा राह्यलो. चित्र दिसे, आवाज नाही ये. पन काय मजेदार मानसं होती, सायब! तोंड हालवत, हात हालवत, एक बुवा खाली उभा राहून वर पाहे. थो काय बोलत असंन, मले काय मालूम? म्या भरलं. त्या घरातून एकच वाक्य ऐकलं होतं मी. थेच त्याच्या तोंडात घातलं. बराबर बसलं."

मला वाटलं, आता दादासाहेब उठतील, काहीतरी बोलतील. निदान खाली पाहतील. दादासाहेबांचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"म्हंजे थो मुंबईचा हाय तं!" ते म्हणाले. "अरे, मले वाटलं आमाले म्हनते! मंग आमचं काई म्हननं नाही, सायब. तायड्या, आधी सांगाचं नाही का लेका!"

ते इतके मोकळे झाले, की त्यांनी स्वखुशीने हॉटेलातून चहा मागवला. चहा आला. तीन कप. मी माझा प्यालो.

साहेब फाईल चाळत होते. "तक्रार तुम्ही मागे घेताय ते ठीक आहे," ते दादासाहेबांना म्हणाले, "पण दोन पानी तक्रार आहे. मी एवढ्या लांब आलोय. फाईलवर काहीतरी यायला पाहिजे." आणि त्यांनी तायडेंची बदली मानोऱ्याला केली. कारण लिहिलं, 'प्रशासकीय'. कार्यमुक्त केल्याच्या कागदावर मी सही केली. सुवाच्य.

जाताना तायडेंनी मला फक्त एवढंच सांगितलं, की दवाखान्यात बांधलेल्या काळ्या गोऱ्ह्याच्या मानेला रोज मलम लावा आणि शिपायाच्या भरवशावर राहू नका.

पुढचे काही बाजार लोक सवयीने खोड्याभोवती येऊन उभे राहत आणि माझ्याकडे पाहत. एकदा मी धीर करून एक भाग सांगायला घेतला. तिसऱ्या वाक्याला बैलाने मला लाथ घातली. एक म्हातारा समजुतीच्या सुरात म्हणाला, "सायब, तुमी डाक्टरच बरे."

दोनेक वर्षांनी खात्याने मलाही ट्रेनिंगला मुंबईला धाडलं. माझे एक नातलग उपनगरात राहत. त्यांच्याकडे टीव्ही होता, त्यावर भरतकाम केलेलं कापड होतं, आणि माझं आडनाव ऐकून त्यांनी मला सोफ्यावर बसवलं. शुक्रवारी 'माडीवरचं बिऱ्हाड' लागलं. मी पुढे सरकून पाहिलं. आवाजासकट.

अप्पासाहेब नावाचा तिथे कोणी नव्हताच. एक मिशीवाला गृहस्थ होता, त्याची छत्री हरवली होती. अर्धा तास तो छत्री शोधत होता. नातलग हसत होते. मी नाही हसलो, तेव्हा त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. खेड्यातला माणूस, समजलं नसेल. मी विचारलं, "ती कामवाली कुठे गेली?" बराच वेळ आठवून वहिनी म्हणाल्या, "अहो, ती होती खरी सुरुवातीला. काढून टाकलं तिला."

परतल्यावर मी मुद्दाम मानोऱ्याची एस.टी. पकडली. कशासाठी, ते नीट सांगता येणार नाही. थोडी माफी मागायची होती. आणि थोडं, लपवत नाही, त्यांना सांगायचं होतं की मी खरं पाहून आलो.

मानोऱ्याचा दवाखाना आमच्यापेक्षाही लहान होता. समोर तांड्यांवरून आलेली माणसं शेळ्या घेऊन बसली होती. मधोमध तोच कोट. केस पांढरे झाले होते, पण भांग तसाच.

"सायब!" त्यांनी धावत येऊन माझी पिशवी घेतली. "लय दिवसानं! इकडं कुठी?"

मी त्यांना बाजूला घेतलं. "तायडे, त्या दिवशी मी..."

"सोडा ना, सायब. इथल्या शेळ्या लय गरीब हाय. मालेगावचे बैल लाथाच मारत."

ते माझी सुटका करत होते हे मला कळलं, आणि मी ती नेहमीप्रमाणे करून घेतली. मग म्हणालो, "मी मुंबईला गेलो होतो. बिऱ्हाड पाहिलं. पूर्ण. आवाजासकट."

तायडेंचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी माझं कोपर घट्ट धरलं.

"पाया पडतो, सायब. सांगू नका."

"का?"

"आमचे पुढचे भाग बिघडतीन."

मी मान हलवली. त्यांनी कोपर सोडलं. मग न राहवून हळूच विचारलं, "फक्त एक सांगा. गंगू हाय ना?"

"आहे," मी म्हणालो. तायडेंच्या बाजूने मी दिलेली ती एकुलती एक साक्ष, आणि तीही खोटी.

"असाले पाह्यजे," ते म्हणाले आणि खुशीत हात पुसले. "तिचं लय बरं चाललं हाय आमच्याकडं. शिकली. मास्तरीन झाली. मागच्या हप्त्यात तिनं थे सारं घर इकत घेतलं. आता तुमी आलेच हाय, तं या शेळीचे मागचे पाय धरा."

मी शेळीचे मागचे पाय धरले. तायडेंनी सुई भरली आणि समोर बसलेल्या लोकांकडे वळले.

"तं मंडळी, घराची चाबी गंगूबाईच्या हातात आली. पयल्या दिवशी सकाळी तिनं काय केलं असंन?"

कोणी म्हणालं पूजा केली असंन, कोणी म्हणालं पेढे वाटले. डोक्यावरचा चाऱ्याचा भारा नुकताच खाली टाकून बसलेली तांड्यावरची एक बाई घाम पुसत म्हणाली, "झोपली असंन."

तायडे जागच्या जागी उभे राहिले. मी त्यांना इतकं खूश झालेलं कधी पाहिलं नव्हतं.

"बराबर!" ते ओरडले. "नऊ वाजेलोक उठलीच नाही!"

ती बाई तोंडाला पदर लावून अशी हसू लागली, की तिला थांबवेना. ती शेळी तिचीच होती. सुई कधी आत गेली आणि कधी बाहेर आली, तिला कळलंदेखील नाही. रस्त्यावर माझी एस.टी. येऊन हॉर्न वाजवत होती, आणि मी पाय धरून तसाच बसलो होतो. गंगूबाई उठल्यावर काय करते, ते मला अजून कळायचं होतं.